टांगलेला कॉम्प्रेसर

उस्ताद, तुमचा कॉम्प्रेसर मी माझ्या दुकानासमोर टांगलाय. शेडच्या तोंडाशी जो लोखंडी खांब आहे त्याला, जाड तारेने, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. गाडी आत घेताना ड्रायव्हर मान बाहेर काढून त्याच्याकडे बघतो, आणि मला तेच हवं असतं. "हे काय हाय?" असं कुणी विचारलं की मी हातातला पाना खाली ठेवतो, हात पुसतो आणि निवांत सांगतो, की हा बीडच्या एका फार मोठ्या उस्तादाच्या स्वतःच्या गाडीचा कॉम्प्रेसर आहे, त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेला, आणि तो कोरडा पडून जाम झाला. मग मी तुमचं नाव सांगतो. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पाटोद्याच्या बाजाराच्या दिवशी एका सकाळीच मी ते सहा वेळा सांगितलं. घसा बसला, पण कंटाळा आला नाही.

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मेलेल्या माणसाशी कसली खुन्नस धरता, असं माझी बायको म्हणाली. तिला मी म्हणालो, मेले म्हणून सुटले का? तिला ते कडुनिंबाचं झाड माहीत नाही. ती माझ्या आयुष्यात आली तेव्हा मी बीड सोडून पुण्याला गेलो होतो, आणि ते झाड मी तिला कधी दाखवलं नाही. तुम्हाला मात्र आठवत असेल. आठवायलाच पाहिजे.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो, आयटीआयमधून फ्रिज-एसीचा कोर्स करून. कागद दाखवला तर तुम्ही तो वाचलाही नाही, त्यानेच हाताचं ग्रीस पुसलंत. तेही मी हसण्यावारी नेलं, कारण गाडीच्या एसीत तुमच्यासारखा माणूस जिल्ह्यात नव्हता, हे तर खरंच होतं. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण खोटं लिहिण्यात काय मतलब. शिमगा झाला की तुमच्या दारात गाड्यांची रीघ लागायची आणि प्रत्येकाचं एकच, उस्ताद, गॅस मारा. तुम्ही गॅसच्या टाकीकडे बघायचातसुद्धा नाही. "गॅस काय उन्हाळ्याच्या सुट्टीला मामाकडं गेला का बे? गेला कुठून ते बघू आदी." मग बॉनेट उघडून रेडिएटरच्या पुढची जाळी बघायची. साखर कारखान्यांच्या धुराड्यातून पडलेली चिपाडाची काळी राख, कापसाचे तंतू, किडे, सगळं त्या जाळीत गच्च बसलेलं असायचं. तुम्ही पाण्याचा पाइप हातात द्यायचात. निम्म्या गाड्या नुसत्या धुऊन थंड व्हायच्या. बाकीच्यांना साबणाचा फेस लावून सांध्यासांध्यातून गळती शोधायची. बारीक पाइप गरम आणि जाड पाइप गार, घामेजलेला, हे तुम्ही माझी बोटं धरून शिकवलंत. एकदा एक मास्तर घाबरून आले होते, गाडीखाली पाणी टपकतंय म्हणून. तुम्ही म्हणालात, "टपकतंय म्हंजी एसी जिता हाय, मास्तर. टपकायचं थांबलं की मग या माझ्याकडं." हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायचा, म्हणजे आतलं तेल फिरतं आणि रबर सुकत नाहीत, हे मी आजही गिऱ्हाइकांना सांगतो. तुमचं नाव न घेता सांगतो.

आणि झेंडू. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार घालून कुणी आलं की तुमचं डोकं फिरायचं. पाकळ्या काचेखालच्या जाळीतून आत जातात, कुजतात, पाण्याची वाट बुजवतात, आणि दिवाळीपर्यंत गाडीत वास सुटतो. तुम्ही ढोपरावर बसून एकेक पाकळी बोटाने काढायचात आणि गाडीमालकाला देवासमोर शिव्या घालायचात. दुकानात खंडेनवमीला हत्यारांना नुसतं हळदीकुंकू, फूल नाही. तुमचा तो नियमच होता.

पांढरा ठिपकाही तुमचाच. तुम्ही आवळलेल्या किंवा तपासलेल्या प्रत्येक बोल्टवर काडीने रंगाचा ठिपका टाकायचात, अर्धा बोल्टवर आणि अर्धा खालच्या लोखंडावर. नंतर कुणी तो बोल्ट हलवला की ठिपक्याचे दोन तुकडे सरकलेले दिसतात. ठिपका जागेवर आहे म्हणजे तुमच्यानंतर तिथे कुणाचा हात लागलेला नाही. मला त्या ठिपक्याचा अभिमान वाटायचा. माझ्या कामावर तुम्ही ठिपका टाकलात की मी दिवसभर हवेत असायचो.

ती गाडी एका पुढाऱ्याची होती. कॉम्प्रेसर जुना, आपण तो पूर्ण उघडून, धुऊन, रबर बदलून परत बसवला. तेल मी टाकलं. लाल झाकणाच्या डब्यातून, मापाच्या काचेच्या पेल्यात घेऊन, पेला डोळ्यांसमोर उंच धरून रेघ बघितली आणि ओतलं. तुम्ही येऊन बोल्ट तपासलेत, ठिपके टाकलेत. तीन आठवड्यांनी ऐन मे महिन्यात, घरच्या बायका-पोरांना घेऊन लग्नाला निघालेली ती गाडी मांजरसुंब्याच्या घाटात किंचाळली आणि पट्टा जळाला. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली तेव्हा दुकानात वीसेक माणसं होती. तुम्ही कॉम्प्रेसर उतरवून उघडलात. आत कोरडं ठाक. लोखंडाचा चुरा.

"तेल टाकलतंस का बे?"

"टाकलं, उस्ताद."

"मग गेलं कुठं? तू पिलास का?"

लोक हसले. त्या पुढाऱ्याचा ड्रायव्हर तर पोट धरून हसला. मी परत म्हणालो, टाकलं होतं. तुम्ही तो उघडा कॉम्प्रेसर माझ्या नाकासमोर धरलात. "मग हे सुकं कावून? बोल ना. कावून सुकंय हे?" तुम्ही तो उतरवायच्या आधी त्यावर तुमचेच ठिपके होते, अख्खे, न सरकलेले, ते मी बघितले होते, आणि तेही बोलायचं मला सुचलं नाही. "शाळा शिकून आलंय," तुम्ही सगळ्यांकडे वळून म्हणालात, "लई शानं. तेल टाकायचं इसरलं." मग तुम्ही तार मागवलीत आणि तो कॉम्प्रेसर दुकानासमोरच्या कडुनिंबाला टांगलात. येणारा जाणारा विचारायचा, हे काय, आणि तुम्ही हात पुसून निवांत सांगायचात.

हात पुसायची ती लकब मी तुमच्याकडूनच उचलली आहे, हे मला आत्ता लिहिताना कळलं.

मी लगेच गेलो असतो तर बरं झालं असतं. पण मी अजून चार महिने राहिलो, कारण मला वाटलं, झाडावरून ते उतरेल. ते उतरलं नाही. आणि पोळ्याच्या आधी माझे आण्णा आले. माझे वडील आमच्या नांदूरघाटला ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी सोडायचे. तीस वर्षं पहाटे उठून त्यांनी गावाचा वॉल उघडला आणि बंद केला, एकदाही विसरले नाहीत. त्याच्यापलीकडे त्यांच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांना काही लागतही नव्हतं. एसटीने आले होते, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा, अर्ध्या तुमच्यासाठी. तुम्ही शेंगा घेतल्यात. मग त्यांना झाडाखाली नेलंत आणि म्हणालात, "ही बघा तुमच्या पोराची करामत." सगळं सांगितलंत, एक शब्द न गाळता. आण्णांनी वर बघितलं, हात जोडले आणि "पोरगं हाय, चुकलं," एवढं म्हणाले. माझ्यासाठी त्यांनी हात जोडले, उस्ताद. तुम्ही तोंडात शेंग टाकत होतात.

स्टँडवर त्यांना सोडायला गेलो. गाडी लागली तेव्हा पायरीवर पाय ठेवून त्यांनी विचारलं, "तू तेल टाकलतंस का?"

आणि मी म्हणालो, "आठवत न्हाई, आण्णा."

हे खरं होतं. त्या दिवसापर्यंत तुम्ही मला विसरायला लावलं होतंत. पहिल्या आठवड्यात मला पेल्यातलं पिवळं तेल स्पष्ट दिसायचं. मग रोज, दहा-दहा वेळा, वेगवेगळ्या माणसांसमोर मी तुमचं सांगणं ऐकत गेलो आणि डोळ्यांसमोरचा पेला रिकामा व्हायला लागला. आण्णा म्हणाले, "वॉल बंद केला का न्हाई, हे मला झोपेतबी सांगता येतं." रागाने नाही म्हणाले. नवल वाटल्यासारखं म्हणाले, की माणसाला स्वतःच्या हातचं काम आठवू नये हे कसं काय. मग एसटी गेली. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि मला कधी कुठलं काम एकट्याला सांगितलंही नाही. घरची मोटर चालू करायला मी उठलो की तेही मागून उठून यायचे.

लोकांमध्ये झालेली बेइज्जती मी कधीच पचवली. माणूस पचवतो. पण मी पुण्यात एका मोठ्या गॅरेजात लागलो तेव्हा तिथे सगळे मला हसायचे, कारण तेल टाकलं की मी पेला पालथा करून शेजारच्याला दाखवायचो आणि म्हणायचो, बघितलं ना, टाकलं ना? घरी कुलूप लावलं की परत जाऊन ओढून बघायचो. पोरीला ताप आला तेव्हा औषध दिलं का नाही यावरून मी बायकोशी भांडलो. दिलेलं होतं. तुम्ही माझ्या हातांवरचा माझाच विश्वास काढून घेतलात, आणि हे मी तुम्हाला माफ करणार नाही. परत आलो तेव्हाही बीडमध्ये दुकान टाकायची छाती झाली नाही. पाटोद्याला टाकलं.

त्या मे महिन्यानंतर नऊ वर्षांनी कॉम्प्रेसरच्या कंपनीने संभाजीनगरला तीन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. शिकवणारा माणूस तरुण होता, माझ्याहून लहान. त्याने टेबलावर जाड काचेच्या, तोंड बंद केलेल्या दोन बाटल्या ठेवल्या. दोन्हीत नवा गॅस, जो आता सगळ्या गाड्यांत असतो. एकीत त्या गॅससाठी बनवलेलं तेल, ते गॅसमध्ये विरघळून एकजीव झालेलं. दुसरीत जुन्या काळचं, फ्रिजचं तेल. ते वेगळं, थर धरून बसलेलं, कितीही हलवा. तो म्हणाला, जुन्या गॅसबरोबर हे तेल उत्तम चालायचं, पण नव्या गॅसबरोबर हे परत येत नाही. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडतं आणि डॅशबोर्डच्या आतल्या थंड कॉइलमध्ये जाऊन बसतं. कॉम्प्रेसर कोरडा पडतो, दोन-चार आठवड्यांत जाम होतो. आणि मग तो सहज म्हणाला, "उघडून बघणाऱ्याला वाटतं, तेल टाकलंच नव्हतं."

बाकीचे चहाला गेले. मी तिथेच बसून राहिलो. लाल झाकणाचा डबा. तुम्ही मुळात फ्रिजवाले, तुमचं सगळं आयुष्य त्या डब्यावर गेलं. नवा गॅस आला तेव्हा तुम्ही टाकी बदललीत, नळी बदललीत, तेल बदललं नाहीत. मी एकदा विचारलंही होतं, की हे तेल चालतं का याला, आणि तुम्ही म्हणाला होतात, "तेल ते तेल. त्यात काय बघायचं?" नेहमीच्या कामात ते खपून जायचं, कारण कंपनीतून आलेल्या गाडीत कंपनीचं तेल असायचं आणि तुम्ही नुसता गॅस भरायचात. जुना कॉम्प्रेसर उघडून डब्यातलं तेल टाकलं की मात्र तो मरायचा, आणि मग हाताखालच्या कुणाची तरी पाळी यायची. मी तेल टाकलं होतं. रेघेपर्यंत टाकलं होतं. ते त्या पुढाऱ्याच्या गाडीच्या कॉइलमध्ये बसलं होतं आणि तुम्ही कॉइल उघडून बघितली नाहीत. मला रडू आलं ते आण्णांसाठी, कारण ते आदल्याच वर्षी गेले होते.

त्या माणसाकडून मी दोन्ही बाटल्या मागून घेतल्या. कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मी बीडला येऊन तुमच्यासमोर त्या ठेवू शकलो असतो. नाही आलो. एकट्यात सांगून काय उपयोग? माझं वाटोळं वीस माणसांसमोर झालं होतं. मी ठरवलं, खंडेनवमीला यायचं. त्या दिवशी तुमचे जुने सगळे चेले, गिऱ्हाइकं, ड्रायव्हर जेवायला जमायचे. पूजा झाली की बाटल्या मधोमध ठेवायच्या आणि विचारायचं, "उस्ताद, हे सुकं कावून?" मी ते वाक्य गाडी चालवताना म्हणून बघायचो. पहिल्या वर्षी सासरे आजारी पडले, दुसऱ्या वर्षी पाऊस लागला. खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. राखून ठेवण्यात एक गोडी होती, ती संपवायची इच्छा होत नव्हती. तिसऱ्या वर्षी मी नवा शर्ट शिवून घेतला, आणि पितृपंधरवड्यात निरोप आला की तुम्ही गेलात. पंधरा दिवस थांबला नाहीत. मी तुमच्या दहाव्यालाही आलो नाही. तो शर्ट बायकोने कुणाला तरी देऊन टाकला.

त्यामुळे गेल्या महिन्यात, गणपती उठल्यावर आठेक दिवसांनी, तुमची पांढरी गाडी माझ्या शेडसमोर उभी राहिली तेव्हा मला वाटलं, देव अगदीच झोपलेला नाही. गाडी तुमचे जावई चालवत होते आणि शेजारी काकू बसल्या होत्या. काकूंना मी पूर्वी एकदाच बघितलं होतं, तुमच्या मुलीच्या लग्नात. पण तुमच्या डब्यात माझ्यासाठी त्या एक भाकरी जास्त घालायच्या, तिच्यावर ठेच्याचा गोळा. त्यांनी मला ओळखलं. "नांदूरघाटवाले ना तुमी?" म्हणाल्या. "आठ वर्सं शेडात पडून होती. जावयानं चालू केली, बीडात गॅस भरून घेतला. दोन दिस गार वारं आलं, अन् आता एसी लावला की वरडायली बगा." दोघातिघांनी वरवर बघून सोडून दिलं होतं, कुणी उघडलं नव्हतं, हे मी खोदून विचारून घेतलं.

ते निघून गेल्यावर मी बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसरच्या बोल्टांवर तुमचे पांढरे ठिपके होते. एकही सरकलेला नव्हता. म्हणजे तुमच्यानंतर त्याला कुणाचा हात लागला नव्हता. मी तो उतरवला, उघडला. कोरडा ठाक. लोखंडाचा चुरा. मग मी जे तुम्ही केलं नव्हतंत ते केलं. डॅशबोर्ड सोडला, त्यात अख्खा दिवस गेला, कॉइल बाहेर काढली आणि भांड्यावर तिरकी धरली. हळूहळू, दाट, पिवळं तेल यायला लागलं. लाल झाकणाच्या डब्यातलं. मी मोठ्याने हसलो, शेजारचा पंक्चरवाला बघायला आला.

कॉइल धुऊन, नवा कॉम्प्रेसर बसवून, बरोबर तेल टाकून गाडी मी चोख करून ठेवली. कामात सूड घेत नाही, तेवढी इज्जत मला आहे. पण जुना कॉम्प्रेसर भंगारात टाकला नाही. तार आणली. पहिले दहा दिवस माझे फार सुखात गेले, उस्ताद. कधी नव्हे ती मला झोप लागली.

काल खंडेनवमी होती. पाने, गेज, पंप सगळं चटईवर मांडून मी हळदीकुंकू वाहत होतो, फूल नाही, आणि दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. त्यांना तासाभरापूर्वीच मी खांबावरची सगळी गोष्ट सांगितली होती. काकू गाडी न्यायला आल्या. गाडीसाठी त्यांनी झेंडूचा हार आणला होता. शेडच्या तोंडाशी त्या थांबल्या.

"ह्यो त्यांच्या गाडीतलाच ना?"

मी म्हणालो, "हो."

"मोडीत न्हाई टाकला तुमी."

त्यांनी टाचा उंच केल्या, गाडीसाठी आणलेला हार त्या कॉम्प्रेसरला घातला, आणि दोन्ही हात लावून ते कपाळाला नेले. "येवढे आले, येवढे गेले त्यांच्या हाताखालून," त्या म्हणाल्या, "त्यांचं काही टांगून जपलं ते तुमी येकट्यानं." बाकावरची दोन माणसं खाली बघायला लागली. मला राग आला. ज्याला झेंडू चालत नव्हता त्याच्या गळ्यात झेंडू पडला, असं म्हणून मी मनात हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मग त्या बाकावर टेकल्या आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "येक इचारू का? शेवटी शेवटी लई खचलते ते. हाताखाली कुणी टिकंना, समद्यांना हाकलून दिलं. येकट्यानंच करायचे. अन् केलेलं काम परत यायचं. म्हणायचे, माझंच डोस्कं जायलंय, तेल टाकायचं माझ्याच हातून राहायलंय. खडू घेऊन भितीवर लिवायचे, तेल टाकलं. पुसायचे, परत लिवायचे. घरामागच्या भितीवर अजून हाय ते. रातध्याड तेच." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुमी गाडी उघडली. तुमाला दिसलं आसंल. खरंच राहायचं का हो त्यांच्या हातून?"

इतकी वर्षं मी जे मागत होतो, ते तुम्हाला मिळून चुकलं होतं, आणि मला पत्ताच नव्हता. पेला तुमच्याही डोळ्यांसमोर रिकामा झाला होता. वीस माणसं नव्हती, झाड नव्हतं, तुम्ही एकटेच, हातात खडू. आणि त्या सगळ्या काळात माझ्या कपाटात दोन बाटल्या होत्या. पाटोदा ते बीड अंतर ते काय. त्यातली एक जरी मी तुमच्यासमोर ठेवली असती, वीस माणसांत, चारचौघांत, नाहीतर तुम्ही एकटे असताना, तरी तुम्ही आधी मला शिवी घातली असतीत, मग बाटली उलटी करून उजेडात धरली असतीत आणि भिंत पुसली असतीत.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला एक वाक्य बोलायचं होतं. पण मला स्टँड दिसला, पायरीवरचा पाय दिसला, आणि शेंगा खाणारं तुमचं तोंड दिसलं.

मी म्हणालो, "वय झालं की होतं तसं, काकू."

"तेच म्हणलं मी," त्या म्हणाल्या. उठल्या, गाडीत बसल्या. जावयांनी एसी लावला. गाडी गेली तिथे पाण्याचे चार थेंब पडले होते.

आज दसरा. दुकान बंद आहे, मी शेडमध्ये बसून दुपारपासून हे लिहितोय. लिहायला घेतलं ते तुम्हाला झोंबावं म्हणून. सुरुवातीची दोन पानं जोरात झाली. खांबावरचा हार सुकलाय, पाकळ्या खाली पडतायत, मघाशी उठून त्या वेचून आलो. उद्या बीडला जाईन आणि काकूंना सांगेन असं इथे लिहिणार होतो, पण मी जाईन की नाही हे मला सांगता येत नाही, म्हणून लिहीत नाही. हे कागद कपाटात त्या बाटल्यांच्या शेजारी ठेवतोय. तिथेच एका झाकणाच्या डब्यात तुमच्या कॉइलमधून निघालेलं तेलही आहे. ते मी फेकलं नव्हतं. त्याच दिवशी, सगळ्यात आधी, कॉम्प्रेसर टांगायच्याही आधी, मी ते मापाच्या काचेच्या पेल्यात ओतून डोळ्यांसमोर उंच धरून बघितलं होतं. रेघेला लागलं होतं. तेल तुम्ही टाकलं होतं, उस्ताद.